उसाच्या फडातून महामार्गावर

नाशिक-पुणे महामार्गावर पहाटे मेलेला बिबट्या सापडला, की पुढच्या गोष्टी ठरलेल्या क्रमाने होतात. दूध घेऊन निघालेला किंवा टोमॅटोचे कॅरेट भरून बाजाराकडे चाललेला कुणीतरी गाडी बाजूला घेतो आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर, नाहीतर ओळखीच्या पोलीस पाटलाला फोन लावतो. वनरक्षक येईपर्यंत फोटो गावोगावच्या ग्रुपवर पोहोचलेले असतात. दोन पंच उभे करून पंचनामा लिहिला जातो: नर की मादी, अंदाजे वय, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी, जखमा कुठे कुठे. अठराही नखे, चारही सुळे आणि मिशा जागेवर आहेत का, हे मुद्दाम पाहून नोंदवले जाते, कारण चोरट्या बाजारात या वस्तूंना किंमत आहे. मग शव जवळच्या रोपवाटिकेत जाते. तिथे पशुधन विकास अधिकारी शवविच्छेदन करतात. बाहेरून फारसे काही न दिसणाऱ्या जनावराच्या आत मोडलेल्या बरगड्या, फाटलेले यकृत आणि पोटात साचलेले रक्त निघते. लाकडे रचून, पंचांसमक्ष, सगळ्या अवयवांसह दहन होते. अज्ञात वाहनचालकावर गुन्हा नोंदवला जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी येते, आणि काही आठवड्यांनी त्याच पट्ट्यात दुसरा बिबट्या मरतो.

बिबट्या हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. वाघही याच अनुसूचीत आहे. त्याच्या मृत्यूनंतर सरकारी यंत्रणा जी काळजी घेते, ती खरोखर काटेकोर असते. थंडीत रात्रभर चितेजवळ थांबणारे वनरक्षक आणि वनमजूर आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहेत. मला अस्वस्थ करते ते निराळेच. पंचनाम्यात जागेचे वर्णन असते, पण त्या जागी बिबट्या का आला, आणि तिथून त्याला सुखरूप पलीकडे का जाता आले नाही, हे प्रश्न त्या कागदावर येत नाहीत. ते प्रश्न ज्या टेबलावर यायला हवेत, त्या रस्ता आखणाऱ्याच्या टेबलापर्यंत पंचनामा पोहोचतच नाही.

नाशिकरोड सोडले की चेहेडी, पळसे, शिंदे ही गावे लागतात, पुढे मोहदरीचा घाट चढून सिन्नर. चेहेडीला दारणा नदी ओलांडावी लागते. पळशाला नाशिक सहकारी साखर कारखाना आहे, आणि कारखाना आहे म्हणजे आजूबाजूला ऊस आहे. ही शेती आजची नाही. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला, दारणा धरण १९१६ साली पूर्ण झाले, पुढे गंगापूर धरण आले. गोदावरी, दारणा आणि कादवा यांच्या पाण्यावर निफाड, नाशिक, दिंडोरी आणि सिन्नरचा काही भाग शंभर वर्षांपासून भिजतो आहे. या पाण्याने माणसाला द्राक्षे, कांदा, टोमॅटो आणि ऊस दिला. बिबट्यालाही त्याने बरेच दिले. पुरुषभर उंचीचा, वर्षभर उभा राहणारा, आत शिरल्यावर चार हातांवरचेही दिसू न देणारा आसरा; बांधालगत पाणी; रानडुकरे, मोकाट कुत्री, वस्तीवरच्या शेळ्या, गोठ्यातली वासरे. मादी तिथेच विते. उसात जन्मलेल्या बछड्याने सह्याद्रीचे जंगल कधी पाहिलेलेच नसते.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात केलेले काम या बाबतीत फार मोलाचे आहे. इगतपुरी आणि सिन्नरच्या सीमेला लागून असलेला हा तालुका. जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि जंगल म्हणावे असे काही नाही, अशा शेतीच्या भागात त्यांना शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे आढळली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ त्यांच्या आहाराचा अभ्यास आला. विष्ठेतल्या केसांवरून काढलेल्या हिशेबात बिबट्याच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणजे हा बिबट्या रस्ता चुकून गावात आलेला पाहुणा नाही. तो इथला रहिवासी आहे, इथेच जेवतो, इथेच पोरे वाढवतो. दोन वर्षांचा व्हायच्या सुमारास प्रत्येक बछडा आईला सोडतो आणि स्वतःची जागा शोधायला निघतो. नर तर लांब जातात. अशा कोवळ्या, परिसर ठाऊक नसलेल्या जनावराला या मुलखात कुठल्याही दिशेला निघाले तरी महामार्ग आडवा येतोच. पश्चिमेला आणि उत्तरेला मुंबई-आग्रा, दक्षिणेला पुणे रस्ता आणि घोटी-सिन्नर रस्ता, त्यांना छेदत जाणारा समृद्धी महामार्ग, आणि या सगळ्यांमध्ये रेल्वे.

या प्रवासाची सगळ्यात सविस्तर नोंद आपल्याकडे आहे ती एका म्हाताऱ्या नराची. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बसवून माळशेज घाटात सोडण्यात आले. वयामुळे त्याचे नाव पडले आजोबा. माळशेजमध्ये तो थांबला नाही. महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने मुंबई-आग्रा महामार्ग पार केला, कसारा स्टेशनाजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, वसईची खाडी पोहून गेला. या सगळ्या वाटेत त्याने कुणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. पट्ट्याची बॅटरी संपल्यावर त्याचा माग तुटला. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेलेला एक बिबट्या सापडला, त्याच्या शरीरातल्या मायक्रोचिपवरून कळले की हा आजोबाच. पुढे २०१४ साली सुजय डहाके यांनी त्याच्यावर चित्रपट काढला, म्हणून हे नाव अनेकांना माहीत आहे. मला त्या कहाणीतली कसाऱ्याची रात्र सारखी आठवते. आपण ज्या घाटातून गाडीत डुलक्या घेत मुंबईला जातो, त्याच घाटाच्या पायथ्याशी एक जनावर थांबून, कानोसा घेऊन, गाड्यांमधली फट बघून पलीकडे जात होते. ते रस्ता ओलांडायला शिकलेले होते. तरी शेवटी रस्त्यानेच त्याला मारले.

आजोबाच्या गोष्टीत आणखी एक धडा आहे, आणि तो नाशिकला लागू पडतो. पिंजऱ्यात धरलेला बिबट्या दूर नेऊन सोडला, की प्रश्न मिटला असे लोकांना वाटते, पुढाऱ्यांनाही वाटते. जुन्नर परिसरात पकडून दूर सोडलेल्या बिबट्यांच्या अनुभवावरून अभ्यासकांनी कधीचे सांगून ठेवले आहे, की असे सोडलेले बिबटे नव्या जागी टिकत नाहीत, चालू लागतात आणि नव्या ठिकाणच्या माणसांशी त्यांची गाठ पडते. चालू लागले म्हणजे रस्ते ओलांडणे आले. पिंजऱ्याची प्रत्येक मागणी ही कुठल्या तरी महामार्गावर एक अनोळखी, बावरलेले जनावर आणून सोडण्याची मागणीही असते, हे पिंजरा मागणाऱ्या गावाला कुणी समजावून सांगत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये देशभर फिरलेला एक व्हिडिओ वाचकांना आठवत असेल. पुणे-नाशिक महामार्गावरच्या एका गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये बिबट्या अडकलेला आहे, चालक गाडी किंचित मागे घेतो, जनावर स्वतःला ओढून बाहेर काढते, लंगडत दुभाजकावर चढून अंधारात जाते. वन विभागाने त्याचा शोध घेतला. त्या काही सेकंदांत महामार्गाची सगळी रचना दिसते. समोरून प्रकाशाचा झोत, मागे धातूचा कठडा, मध्ये उंच दुभाजक.

ताशी शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. डिप्परवर दिवा असेल तर चालकाला पुढचे पन्नासेक मीटर नीट दिसते, म्हणजे जनावर दिसल्यापासून त्याच्या हाती दोन सेकंदही नसतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद निघून जातो. बिबट्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा असतो, अंधारात शिकार करण्यासाठी निसर्गाने दिलेला. अप्पर दिव्याच्या झोतात त्याच डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, आणि आंधळे झालेले जनावर पळण्याऐवजी जागीच थिजते. हेच ससा करतो, उदमांजर करते, तरसही करते. जुन्या दुपदरी रस्त्यावर दोन झेपांत पलीकडे जाता येत असे. आता चार पदरी, सहा पदरी डांबर, मध्ये कठडा, बाजूला सर्व्हिस रोड. एक बाजू कशीबशी पार करून दुभाजकाशी आलेले जनावर तिथे अडते, मागे फिरते, आणि मागून आलेल्या गाडीखाली जाते.

ते महामार्गावर येते कशासाठी, याचेही उत्तर बहुतेकदा रस्त्याकडेलाच पडलेले असते. ढाब्यांच्या मागे कोंबडीची पिसे, आतडी, उरलेसुरले अन्न उघड्यावर टाकतात. त्यावर कुत्री जगतात. कुत्र्यांसाठी बिबट्या येतो. रात्री गाडीखाली कुत्रे मेले, की ते खायला तरस येते, आणि मग तरसही त्याच जागी मरते. पोल्ट्रीतली मेलेली पिल्ले नाल्यात फेकणाऱ्यांनीही याच साखळीत एक कडी जोडलेली असते. हा कचरा उचलायला ना अभयारण्य लागते ना मोठा निधी. ग्रामपंचायतीने मनावर घेतले, ढाबेवाल्यांना नोटिसा दिल्या आणि आठवड्यातून दोनदा गाडी पाठवली, तर काही ठिकाणचे मृत्यू याच हंगामात टळतील.

आणि मोऱ्या. जुन्या रस्त्यांखाली ओढ्यानाल्यांच्या ज्या मोऱ्या आणि छोटे पूल होते, त्यांतून रात्री किती जनावरे ये-जा करत होती, याचा कुणी हिशेब ठेवला नाही. बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर हे सगळे नाल्याच्या काठाने चालतात. तिथे बाभळीची, करंजाची सावली असते, माणसांचा वावर कमी असतो. रस्ता रुंद करताना त्या मोऱ्यांना दोन्हीकडे जोड दिला जातो, त्या लांब, काळोख्या आणि अरुंद होतात, तळाशी बारमाही घाण पाणी साचते, तोंडाशी राडारोडा पडतो. खालची वाट बंद झाली की जनावर वर येते. पाण्याच्या वर कोरडी वाट राहील अशी एक फूटभर उंचीची कडा मोरीत बांधली, तोंड मोकळे ठेवले आणि दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे मीटर जाळी लावून जनावराला मोरीकडे वळवले, तर ते खालूनच जाते. यात नवे शोधून काढण्यासारखे काही उरलेले नाही.

बिबट्याची निदान बातमी होते. बाकीच्यांची तीही होत नाही. पावसाळ्यात उबेसाठी डांबरावर येऊन पडलेले साप, दिव्यांभोवतीच्या किड्यांवर झेपावणारा रातवा, रस्त्यावर सांडलेल्या धान्यासाठी आलेल्या उंदरांवर उतरलेले गव्हाणी घुबड, मुंगूस, घोरपड, ससा, खोकड. पहिल्या पावसात बेडकांचे तर मोजमापच नाही. सकाळ व्हायच्या आत कावळे आणि कुत्री बरेचसे उचलून नेतात, उरलेले चाकांखाली रस्त्याला चिकटून जाते, आणि ससा मेला असेल तर तो कुणी घरी नेतो. म्हणून या मृत्यूंच्या नोंदी नेहमी कमीच भरतात. वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्ट या संस्थेने रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांची नोंद करण्यासाठी मोबाइल अॅप काढले होते ते याच कारणाने. फोटो, जागा आणि वेळ एवढे तीन तपशील हजारो माणसांनी दिले, की कुठल्या किलोमीटरला मरण साचते ते नकाशावर आपोआप दिसू लागते.

येवल्याकडे दृश्य वेगळे. तिथे ऊस नाही, माळरान आहे. ममदापूर-राजापूरच्या सुमारे ५४ चौरस किलोमीटरच्या संवर्धन राखीव क्षेत्रात काळविटांचे कळप आहेत. उन्हाळ्यात पाणवठे आटले की ते वस्त्यांकडे, शेततळ्यांकडे सरकतात. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात उतरलेल्या काळविटाला घसरणीवरून परत वर येता येत नाही. कुत्र्यांनी पाठलाग केला की ते भेदरून रस्त्यावर किंवा बिनकठड्याच्या विहिरीत जाते. पाण्यासाठी निघालेल्या कळपाचे मरण पाण्यातच व्हावे, हे पाहणे फार जड जाते. शेततळ्याच्या एका कोपऱ्यात गाठी मारलेला जाड दोर किंवा टायरची शिडी सोडून ठेवली, तर काळवीट वाचते. कधी त्या शेतकऱ्याचे मूलही वाचते.

विहिरींची गोष्ट सिन्नरलाही तीच. २०२३ च्या फेब्रुवारीत सिन्नरजवळ मांजराचा पाठलाग करता करता बिबट्या आणि मांजर दोघेही विहिरीत पडले. बुडायला नको म्हणून मांजर बिबट्याच्याच अंगावर चढू पाहत असल्याचे चित्रण सगळ्या देशाने पाहिले. दोघांनाही बाहेर काढले. या कामात आपले वनकर्मचारी आणि गावकरी आता तरबेज झाले आहेत: आधी आधारासाठी बाज किंवा फळी खाली सोडायची, जनावराला दम घेऊ द्यायचा, मग पिंजरा. पण जमिनीच्या पातळीवर तोंड असलेल्या, गवताने झाकलेल्या विहिरी तशाच आहेत. विहीर खोदायला अनुदान मिळते, त्यात दोन-तीन फुटी कठड्याची अट घालून ती खरोखर तपासली, तर हा खर्च एकदाच करावा लागेल.

ऊसतोडीचा हंगाम दरवर्षी येतो. कारखान्यांचे गाळप सुरू होते, तोडणीच्या टोळ्या फडाफडांत उतरतात. कोयता जसजसा पुढे सरकतो तसतसा बिबट्याचा आसरा आक्रसत जातो, आणि मादीला बछडे तोंडात धरून एका फडातून दुसऱ्या फडात हलवावे लागतात, मधे रस्ता असला तरी. पाचट पेटवण्याची घाई किती महागात पडते हे २०१९ च्या एप्रिलमध्ये आंबेगाव तालुक्यात दिसले. उसात लावलेल्या आगीत पाच बछडे जळून मेले. लावणाऱ्यांना ते तिथे आहेत हे माहीत नव्हते. उलट चांगली बाजूही याच मुलखाने दाखवली आहे. तोडणीत बछडे सापडले की काम थांबवायचे, त्यांना न कुरवाळता कॅरेटमध्ये ठेवायचे, पशुवैद्यकाने तपासले की संध्याकाळी त्याच जागी कॅरेट ठेवून लांब जायचे. रात्री मादी येते आणि एकेकाला मानेला धरून नेते. जुन्नरला आणि आपल्या जिल्ह्यात असे कितीतरी बछडे आईकडे परत गेले आहेत. २०२० च्या ऑगस्टमध्ये इगतपुरीकडे एका मादीने चक्क झोपडीत चार पिल्ले घातली होती. लोकांनी तिला तिच्या वेळेने जाऊ दिले. दिवसभर कोयता चालवून थकलेल्या, उचल घेतलेल्या, उघड्यावर पाल टाकून राहणाऱ्या टोळीतल्या माणसांनी कामाचा खाडा सोसून हे करावे अशी अपेक्षा आपण करतो, तर त्या थांबलेल्या दिवसाची मजुरी त्यांना मिळायला हवी. कारखान्याने ती द्यावी असे मला ठामपणे वाटते.

वन्यजीवांच्या अशाच टाळता येण्याजोग्या मरणांत पतंगाच्या मांज्याचाही वाटा आहे; त्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बरेच लिहून झाले आहे. येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस आभाळ पतंगांनी भरते. तो सण त्या गावाचा अभिमान आहे, आणि राहावा. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांज्यावर २०१७ सालीच देशभर बंदी घातली. तरी जानेवारीत झाडाझाडांवर लोंबणाऱ्या दोऱ्यांत बगळे, घारी, घुबडे आणि वटवाघळे पंख कापून लटकतात, आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरतात. सुती दोऱ्यानेही पतंग काटता येतो.

या सगळ्यात माणसाचे दुःख बाजूला सारून लिहिणे मला जमणार नाही. २०२० साली दारणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले आणि म्हातारी माणसे गेली. त्या घरांत संध्याकाळी पोरांना अंगणात सोडायची हिंमत कुणाला उरली नव्हती. २०१९ च्या जानेवारीत नाशिकच्या सावरकरनगरात शिरलेल्या बिबट्याने नगरसेवक आणि पत्रकारांसह काही जणांना जखमी केले, तेव्हा शहरालाही ती भीती कळली. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडमध्ये तेरा वर्षांचा मुलगा गेला आणि संतापलेल्या लोकांनी मंचरजवळ हाच पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. पंचवीस लाखांची भरपाई जाहीर झाली तरी मूल परत येत नाही. ज्या रस्त्यावर बिबटे मरतात, त्याच रस्त्यावर बिबट्याने मारलेल्या मुलासाठी माणसे बसली होती. यातल्या एका दुःखाने दुसरे खोटे ठरत नाही. उलट दोन्हींच्या मुळाशी काही गोष्टी सारख्याच सापडतात: उघड्यावरचा कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री, रात्री वीज मिळते म्हणून अंधारात पाणी भरायला जावे लागणारा शेतकरी, दाराबंद गोठा बांधायला नसलेला पैसा. दिवसा वीज आणि बंदिस्त गोठा ही मागणी माणसाच्या बाजूची आहे, आणि तीच बिबट्याच्याही बाजूची आहे.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, त्यांच्याभोवतीचा संवेदनशील पट्टा किंवा वाघांचा भ्रमणमार्ग, यांतून रस्ता जाणार असेल, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मंजुरी लागते आणि प्राण्यांसाठी उपाय करणे बंधनकारक होते. उसातून जाणाऱ्या रस्त्याला हे काही लागत नाही. कागदावर ती शेतजमीन. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज आला, पण त्या मोजणीचा भर वाघांच्या जंगलांवर होता. दारणाकाठचा बिबट्या त्या आकड्यात धरलेला नाही. म्हणजे पहिल्या अनुसूचीतला प्राणी ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या वाढतो, तिथून रस्ता काढताना त्याचे नाव घेण्याचे कुणावर बंधन नाही.

बंधन असले म्हणजे काय होते, हे विदर्भात पाहावे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने जातो. चौपदरीकरण वर्षानुवर्षे न्यायालयात अडकले. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांसाठी वाट ठेवली गेली, पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटर रुंदीपर्यंत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले. २०१९ मध्ये तिथून अठरा जातींचे वन्यप्राणी गेल्याचे दिसले, आणि वाघ ८९ वेळा. वरून ट्रक, खालून वाघ. त्या पुलांचा खर्च मोठा झाला हे खरे, पण त्यातला किती खर्च वर्षानुवर्षांच्या दिरंगाईने वाढला, हेही त्यातच मोजायला हवे.

समृद्धी महामार्गावरही याच संस्थेच्या सल्ल्याने वन्यप्राण्यांसाठी वरून आणि खालून जाणारे मार्ग केले आहेत. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आपल्या जिल्ह्यात सिन्नर आणि इगतपुरीतून जातो. शिर्डी ते भरवीर २०२३ च्या मे महिन्यात, भरवीर ते इगतपुरी २०२४ च्या मार्चमध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. घाटमाथ्यावरचे रान त्याने दुभंगले नाही. डोंगराखालून गाड्या जातात आणि वरची वाट वरच राहते. सपाटीवर मात्र दोन्ही बाजूंना भिंत आणि ताशी १२० ची मर्यादा आहे. गोंदे किंवा भरवीरच्या इंटरचेंजमधून चुकून आत शिरलेल्या जनावराला बाहेर पडायला फट नसते. आतून बाहेर उडी मारता येईल असे मातीचे उतार भिंतीलगत जागोजागी करता येतात, परदेशी महामार्गांवर ते आहेत. इथे ते अजूनही करता येतील.

नाशिकसाठी हा विषय आत्ता तातडीचा आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहराभोवती सुमारे ६६ किलोमीटरच्या परिक्रमा मार्गाचे, त्र्यंबक रस्त्याच्या आणि इतर रस्त्यांच्या रुंदीकरणाचे घाटत आहे. सुरत-चेन्नई महामार्गाची मूळ आखणी सुरगाणा, पेठ, दिंडोरी, नाशिक, निफाड आणि सिन्नर अशी थेट आदिवासी डोंगरांतून उसाच्या पट्ट्यात येत होती. शहराला वळसा घालणारा कुठलाही रस्ता गोदावरी ओलांडणारच, वालदेवी नदी आणि असंख्य नाले ओलांडणारच, आणि बिबट्या याच नाल्यांनी चालतो. पुलाची लांबी कागदावर असतानाच दोन्ही तीरांवर दहा-दहा मीटर कोरडी जागा सुटेल इतकी वाढवणे तुलनेने स्वस्त असते. काँक्रीट पडल्यावर तेच काम कुणी करत नाही. वन विभागाकडे गेल्या कित्येक वर्षांचे पंचनामे आहेत, त्यांत प्रत्येक मृत्यूची जागा आहे. ती सगळी टिंबे एका नकाशावर मांडून तो नकाशा रस्ते बांधणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला निविदेआधी द्यावा, आणि त्या जागी मोरी कशी असेल ते निविदेतच लिहावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी दोन खात्यांना एका टेबलावर बसवले तरी सुरुवात होते. जुन्या पट्ट्यांवर, मोहदरी घाटात, चांदवडच्या राहूड घाटात, चेहेडी ते शिंदे या टापूत, रात्रीचा वेग कमी करणारे पट्टे आणि कठड्यात ठरावीक अंतरावर मोकळी जागा, हे तर महिन्या-दोन महिन्यांत होऊ शकते.

तोवर रात्रीचा प्रवास आपल्यालाच करायचा आहे. उसाच्या पट्ट्यात आणि घाटात ताशी साठच्या वर जाऊ नये. डोळे चमकले की अप्परचा डिप्पर करावा, हॉर्न न वाजवता वेग कमी करावा आणि एक जनावर गेल्यावर मागून दुसरे येईल म्हणून थांबावे; मादीमागे बछडे असू शकतात. धडक बसलीच, तर गाडीतून उतरून जवळ जाऊ नये, जखमी बिबट्या सर्व ताकदीने हल्ला करतो. पार्किंगचे दिवे लावून मागच्या गाड्यांना सावध करावे आणि १९२६ ला फोन करावा. पळून गेलात तर ते जनावर तासन् तास तडफडत राहील आणि मागच्या गाड्याही त्याच्यावरून जातील. फोनवर पहिला प्रश्न जागेचा येईल. म्हणून कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, रस्त्याची कुठली बाजू, आणि जवळ नाला किंवा मोरी आहे का, एवढे पाहून ठेवा आणि सांगा. ससा असो, घुबड असो की बिबट्या, तो आकडा लिहून घ्यायला सांगा.